अर्जात कारस्थान लिहीत नाहीत

मुखेडच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून मी तीस-बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. निम्मी मेहनत लिहिण्यात गेली आणि निम्मी एक शब्द गाळण्यात. माणूस यायचा, बाकड्यावर टेकायचा, माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायचा आणि तोंड पुसत म्हणायचा, "आपा, ल्ह्या. माह्याइरुद्ध कारस्थान झालंय." मी पेनाचं टोपण काढायचे, 'प्रति, मा. तहसीलदार साहेब' लिहायचे आणि तो शब्द तेवढा बाजूला ठेवून द्यायचे.

आता हात कापतो म्हणून बसणं सोडलं आहे. संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मनात आलं, इतकी वर्षं ज्याला कागदावर येऊ दिलं नाही त्याच्याबद्दलच लिहावं.

आधी माझं सांगते. माहेर कंधारचं, सासर मुखेडचं. सासरे निजामाच्या अमदानीत उर्दूत अर्ज लिहायचे, मालक मराठीत लिहायचे. मालकांची नजर साखरेनं गेली तेव्हा ते सांगायचे आणि मी शेजारी बसून लिहायचे. ते गेल्यावर सांगणारं कुणी राहिलं नाही, लिहिणं राहिलं. माझी शाळा उर्दू चौथीपर्यंतची. मराठी मी शिकले ती त्यांच्या जुन्या अर्जांच्या नकला वाचून. त्यामुळे माझी मराठी पहिल्यापासून 'सविनय सादर' अशीच सुरू झाली. लेकीच्या शाळेत ताप आल्याची चिठ्ठी पाठवली तर तिच्यात 'उपरोक्त विषयास अनुसरून' होतं. मास्तरणीनं ती जपून ठेवली होती म्हणे.

गिऱ्हाईक सगळं आपा म्हणायचं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे पटकेवाले म्हातारेसुद्धा.

आता शब्दाचं. सासरे सांगायचे, कारस्थान मूळचं फारसीकडचं. तिकडं कारस्तान म्हणजे कामगिरी, करामत, कुणी काही मोठं करून दाखवलं तर ते. इथं आलं आणि त्याची चाल बिघडली. "बिचारा अच्छे घर का था," असं ते म्हणायचे, वाया गेलेल्या भाच्याबद्दल बोलावं तसं. खलबत त्याच्याच नात्यातलं. खल्वत म्हणजे नुसता एकांत. पण दोन माणसं दार लोटून एकांतात बसली की तिसऱ्याच्या पोटात दुखतं, आणि मग त्या एकांताचं खलबत होतं.

कोण कुठला शब्द घेऊन आला यावरनं मी माणूस ओळखायचे. ठाण्यातला शिपाई 'कट' म्हणायचा. वकील 'संगनमत' म्हणायचे. बदली झालेले गुरुजी आणि पडलेले उमेदवार 'षड्यंत्र' म्हणायचे, आणि लिहिताना ष पोटफोड्याच आहे ना, हे वाकून बघायचे. आमच्या गल्लीत 'साजिश'. म्हाताऱ्या बायका यातलं काहीच म्हणायच्या नाहीत. पदराचं टोक तोंडाशी धरून 'कायतरी शिजून राहिलंय' एवढंच सांगायच्या. कारस्थान मात्र सगळ्यांचं, शेतकऱ्याचं, दुकानदाराचं, सासूचं, सुनेचं.

पुरावा काय, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच असायचं. "म्या गेलो आन् ते गप झाले." त्यापलीकडं कुणाकडं काही नसायचं. मसलत केली असं माणूस स्वतःहून सांगतो, आम्ही बसलो, चहा घेतला, मसलत केली. त्याच बैठकीला बाहेर राहिलेला माणूस कारस्थान म्हणतो. माणसं तीच, चहाही तोच.

एकदा एक पाटील आले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. वेशीतलं तोरण आधी त्यांच्या बैलांनी तोडायचं, असा त्यांच्या घराचा पिढ्यांचा मान. यंदा गावानं पाळी लावली आणि मान दुसऱ्याला गेला. म्हणाले, गावानं कारस्थान केलं, सगळ्यांची नावं घाला. मी नावं घालत गेले. कागदाची एक बाजू भरली. दुसरी भरली. मी विचारलं, पाटील, तुमच्या बाजूचं गावात कुणी राहिलं का? त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं.

"आमची मालकीण," म्हणाले. मग, "तिचं बी काय सांगता येत न्हाई. काल पुरणपोळी शेजाऱ्याकडं धाडून राहिली व्हती."

तो अर्ज गेला नाही. त्यांनी तो घडी करून टोपीत ठेवला आणि कचेरीत न जाता बस धरून परत गेले. सांगून झालं, लिहून झालं, मन हलकं झालं. असे अर्ज बरेच असतात.

पण शब्द गाळायचं कारण वेगळं होतं. अर्ज लिहिणं म्हणजे रडगाणं उतरवणं नव्हे. साहेबापुढं रोज गठ्ठा असतो. त्याला कोण, कुठला गट नंबर, आणि त्यानं काय करावं हे दिसलं पाहिजे. म्हणून मी शेवटची ओळ आधी विचारायचे, "साहेबांनी काय करावं म्हणता?" रस्ता खुला करावा, नाव लावावं, मोजणी करावी, असं काही असेल तर वर चार ओळी लिहिता येतात. कारस्थानावर साहेब काय करणार? ते मोजता येत नाही, खुलं करता येत नाही. आणि तो शब्द एकदा कागदावर आला की वाचणारा कारकूनसुद्धा त्यात आपलं नाव आहे का ते आधी बघतो. मग अर्ज सरकतच नाही. फारच अडून बसलं कुणी, तर मी 'संगनमताने' लिहायचे. तो शब्द इस्त्री केलेला आहे, कुणाला टोचत नाही.

धंद्याची दुसरी एक शिस्त होती, ती सासऱ्यांची. अर्ज लिहिणारा दोन्ही बाजूंचा असतो. सोमवारी अर्जदार येतो आणि गुरुवारी त्याच बाकड्यावर गैरअर्जदार बसतो. एकाचा कागद दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. "लिखे सो भूल जाना, बहू," हे मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. मी ते पाळलं. भावकीतली माणसं एकमेकांचे गळे धरून आली आणि दोघांचेही कागद मीच लिहिले होते, असं कितीदा तरी झालं, पण माझ्या तोंडून एक अक्षर गेलं नाही. याचा मला अभिमान होता. आज किती आहे ते नक्की सांगता येत नाही. कौसाबाई नावाच्या एका बाईच्या घरचा कागद आला त्याच्यानंतरची ही गोष्ट.

फार जुनी नव्हे. सातबारा मोबाईलवर दिसायला लागला होता, समोर संगणकाची दोन दुकानं झाली होती, आणि माझ्याकडं येणारे बहुतेक जुनेच लोक राहिले होते.

कौसाबाई त्यांपैकीच. मुखेडपासून बसनं तासाभरावर त्यांचं गाव. नवरा महिनाभरापूर्वी वारला होता. बरोबर थोरला लेक, माणिकराव. वारस नोंदीचा अर्ज लिहायचा होता, म्हणजे मेलेल्या माणसाच्या सातबारावर त्याच्या वारसांची नावं चढवायची. मी नावं विचारली. माणिकरावांनी सांगितली, आई कौसाबाई, मी स्वतः, धाकटा दत्ता, आणि बहीण सुमन.

बहिणीचं नाव त्यांनी न अडखळता घेतलं म्हणून मी वर बघितलं. कायदा काही म्हणो, आमच्याकडची रीत अशी की बहिणीचं नाव आधी लागतं आणि मग एखाद्या सणाला लुगडं-चोळी करून तिच्याकडनं हक्कसोडपत्रावर सही घेतात. नाही तर नाव लागतच नाही. बहीणही सही देते. जमीन घेतली तर माहेर तुटेल, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. असे कागद मी स्वतः कितीतरी लिहिलेत. त्या बायका सही करताना माझ्याकडं बघायच्या नाहीत, लुगड्याच्या पुडक्याकडंही बघायच्या नाहीत.

इथं उलटं होतं. सुमन विधवा, अहमदपूरकडं सासरी दिराच्या आधारानं राहणारी. कौसाबाईच्या मनानं घेतलं होतं की लेकीच्या नावावर वावर लागलंच पाहिजे. अडचण धाकट्याची. दत्ता लातूरला डाळ मिलमध्ये कामाला, बायको-पोरं तिथंच. तेराव्याच्या दिवशी दत्ताचा मेहुणा सगळ्यांत म्हणाला होता, बहिणीची सही एकदाच घेऊन टाका. त्यावर दत्ता काही बोलला नव्हता.

"गप बसला म्हंजे कबूलच की," कौसाबाई म्हणाल्या.

म्हणून त्यांनी ठरवलं होतं, नोंद पक्की होईपर्यंत दत्ताला कळू द्यायचं नाही. आणि सुमनलाही नाही. ती धाकट्यावर जीव टाकणारी, सांगितलं की फोन करून त्याला सांगेल. आणि वर म्हणेल, मला वावर नको, मला भाऊ पाहिजेत. सगळ्याच म्हणतात तसं. एकदा नोंद झाली की मग कोण काय करतं.

नोंदीची रीत सांगते, पुढं लागेल. तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद घेतो, सगळ्या वारसांना नोटीस काढतो, एक कागद चावडीवर लावतो. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद पक्की करतात. हरकत आली की ती तक्रारी नोंद होते, सुनावण्या लागतात आणि प्रकरण कुठल्या कुठं जातं. माणिकरावांनी चौघांचाही पत्ता गावातल्या घराचाच दिला. म्हणजे चारी नोटिसा त्यांच्याच हातात पडणार. चावडीवरचा कागद कोण वाचतं?

निघताना कौसाबाईंनी माझं मनगट धरलं. "आपा, हे सुमीच्या कानावर जाऊ देऊ नगा. तिच्याच भल्याचं हाय."

मी म्हटलं, माझ्याकडनं जात नसतं.

दहा-अकरा दिवस झाले असतील. दुपारी एक बाई आली, तिशीपस्तिशीची, कपाळ मोकळं. बाकड्यावर बसायच्या आधीच म्हणाली, "आपा, हरकत अर्ज ल्ह्यायचाय. माह्या भावांनी कारस्थान केलंय."

नाव विचारलं तर सुमन. गाव विचारलं तर कौसाबाईचं.

तिनं सगळं सांगितलं. बापाच्या महिन्याच्या कार्याला ती आली आणि तेव्हापासून बघून राहिली होती. ती ओसरीवर आली की माय आणि आण्णा, म्हणजे थोरला भाऊ, गप. आण्णाच्या खिशात घडीचा कागद, ती दिसली की खिशावर हात. तलाठ्याचा कोतवाल दारात आला तर भावजय लगबगीनं बाहेर गेली आणि त्याला कोपऱ्यात घेऊन बोलली. मायला विचारलं तर माय म्हणाली, तुला काय करायचंय, चहा घे. शेजारणीनं सांगितलं की फेरफार टाकलाय. म्हणजे नाव गाळूनच टाकला असणार, दुसरं काय लपवायचं असतं?

एकही गोष्ट खोटी नव्हती. पाहिलेलं सगळं खरं होतं, अर्थ तेवढा उलटा.

मी म्हटलं, "बाई, तुला वावर पाहिजे का?"

"मला इच्यारलं असतं तर म्या सोडलं बी असतं, आपा. लपवलं म्हणून पाहिजे."

मी मनात दिवस मोजले. मुदतीचे चार राहिले होते. या बाईनं हरकत घेतली तर ती स्वतःच्याच नावावर हरकत घेणार होती. गप बसली तर चार दिवसांनी आपोआप वावराची मालकीण होणार होती. आणि मला तोंड उघडायचं नव्हतं.

मी तिला म्हटलं, नुसत्या शेजारणीच्या बोलण्यावर अर्ज होत नाही. आधी तलाठ्याकडं जा, फेरफाराची नक्कल माग, त्यात कुणाकुणाची नावं आहेत ती बघ, मग ये. मी लिहून देते. हे नियमाला धरूनच होतं. नक्कल बघितली असती तर तिला स्वतःचं नाव दिसलं असतं आणि माझी शिस्तही मोडली नसती. मला वाटलं, काय नेमकं सुचलं आपल्याला. पण खरं सांगायचं तर त्यात दुसरा हिशेबही होता. तलाठी आठवड्यातनं दोनदा गावात येतो. नक्कल मिळवून परत येईपर्यंत चार दिवस जातील.

ती म्हणाली, "तलाठी बी त्यांच्यातलाच हाय. तो काहून देईल?"

"तर मग मंडळ अधिकाऱ्यांकडं जा."

"त्येला बी तलाठीच सांगणार." मग ती माझ्या तोंडाकडं नीट बघत राहिली. पोलीस बघतात तसं नव्हे, आजाऱ्याकडं बघतात तसं. "तुमी बी त्यांच्यातल्याच का, आपा?"

हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणायला जीभ वळली नाही. ती उठली, पिशवी काखेत मारली आणि रस्ता ओलांडून संगणकाच्या दुकानात गेली. मला इथनं दिसत होतं. दहा मिनिटांत तिचा अर्ज छापून झाला. त्या दुकानदाराकडं तयार मजकूर असतो, नावं तेवढी बदलायची.

त्या अर्जात काय होतं ते मला पुढं कळलं. 'माझे भाऊ, आई तसेच संबंधित तलाठी यांनी गुप्त कारस्थान रचून माझे नाव वगळले आहे.' हाच तो शब्द, आणि तलाठ्याच्या नावासकट. साधा अर्ज असता तर तलाठ्यानं तिला बोलावून वही उघडून दाखवली असती, बाई, हे बघ तुझं नाव, आणि ती रडत-हसत घरी गेली असती. हे तर त्याच्यावरच बालंट. त्यानं वही उघडलीच नाही. नोंद तक्रारी धरली, आणि आता आपल्यावर काही येऊ नये म्हणून सगळ्यांचे खरे पत्ते शोधून रजिस्टर पोस्टानं नोटिसा काढल्या. एक लातूरला गेली, डाळ मिलच्या मागच्या गल्लीत. दत्ताला ती चहाच्या सुट्टीत मिळाली.

सुनावणीला चौघंही आले. मी आत नव्हते, पण मुखेडात कचेरीतलं बोलणं बाहेर यायला वेळ लागत नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद वाचली. वारस, कौसाबाई, माणिक, दत्ता, सुमन. मग हरकत वाचली. मग चष्म्यावरनं बघून म्हणाले, "बाई, तुमचं नाव यात आहे. हरकत कुणाच्या नावाला घेतली, स्वतःच्या?"

आत जी माणसं होती ती हसली. सुमन भिंतीला टेकून खाली बसली म्हणे. कौसाबाईनं तिच्याकडं हात केला तर तिनं तो धरला नाही. दत्तानं मात्र सगळं सरळ समजून घेतलं. कधी अर्ज झाला, पत्ते कुणी दिले, त्याची पहिली नोटीस कुणी घेतली, हे एकेक विचारलं, आणि म्हणाला, मला माझं म्हणणं लेखी द्यायचंय. साहेबांनी आठवड्याची तारीख दिली.

कायद्यानं दत्ताचा दावा टिकला नसता. मुलगी वारस आहे म्हणजे आहे. पण टिकण्याची गरजच नसते. हरकत टाकली की प्रांताकडं अपील, तिथनं वर, आणि तोवर सातबारा तसाच मेलेल्या माणसाच्या नावावर. सुमनला वावर कधी बघायला मिळालं असतं कोण जाणे. आणि माहेरचं एक दार कायमचं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुमन माझ्याकडं आली. हरकत मागं घ्यायचा अर्ज लिहायचा होता. मी कारण विचारलं. म्हणाली, गैरसमज, असं ल्ह्या. मी लिहीत असताना ती म्हणाली, "तुमाला ठाऊक व्हतं."

"होतं."

"नुसतं म्हणल्या असता की, सुमे, घरी जा आन् गप बस."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. सही केली, पदरानं हात पुसले, आणि आत गेली. सासऱ्यांची शिस्त तोवर मी कधीच मोडली नव्हती, आणि जिथं मोडायला पाहिजे होती तिथंही मोडली नाही. यावर मी बराच विचार केला. अजून करते. तिच्यासाठी मोडली असती तर पुढच्या वेळी कुठं थांबले असते, असंही वाटतं. दोन्ही बाजूंचं लिहायची सवय लागली की स्वतःचंही असंच होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी दत्ता आला. मिलमधनं सुट्टी काढून, पहिल्या बसनं. अंगावर चांगला शर्ट, पण कानामागं डाळीचा पिवळा भुसा तसाच. बाकड्यावर बसला.

"आपा, ल्ह्या," म्हणाला. "थोरल्यानं, मायनं आन् बहिणीनं मिळून माह्याइरुद्ध कारस्थान केलं."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, बहिणीला काढ त्यातनं. तिलाही तुझ्यासारखंच काही ठाऊक नव्हतं. आणि तिच्या जागी माझं नाव घाल.

त्यानं मान वळवली. "तुमी बी व्हतात?"

"वारसाचा अर्ज मीच लिहिला. तुझा पत्ता गावाचा घातला तेव्हा मला ठाऊक होतं, तू लातूरला असतोस. दुसऱ्याकडनं लिहून घे बाबा, समोर दुकान आहे."

तो उठेल असं मला वाटलं. उठला नाही. विचारलं, माय काय म्हणली? मला का न्हाई सांगायचं म्हणली? तेव्हा मी पहिल्यांदा एकाचा कागद दुसऱ्याला सांगितला. तेराव्याच्या दिवशी तुझा मेहुणा सहीचं बोलला आणि तू गप बसलास, म्हणून.

"बापाला जाऊन तेरा दिस झाले व्हते," दत्ता म्हणाला. "मी वावराचं काय बोलणार व्हतो?" मग तो एकदम हसला, पण ते हसणं नव्हतं. "मला इच्यारायचं व्हतं की. म्या न्हाई म्हणलो नसतो."

हे खरं का खोटं, मला सांगता येत नाही. त्यालाही सांगता आलं नसतं. ज्याला विचारलंच नाही त्याचं उत्तर काय होतं, हे कुणाला कळणार? मेहुणा जोरात होता, बायकोही काही बोलली असती, दत्ता कदाचित नाहीच म्हणाला असता. कदाचित म्हणालाही नसता. ती वेळ त्याला मिळालीच नाही.

मी विचारलं, "साहेबांनी काय करावं म्हणतोस?"

या प्रश्नाला लोक पटकन काहीतरी सांगतात. तो चांगला अर्धा तास बसला. मी मधल्या मधे एक रहिवासाचा अर्ज लिहून दिला, एकाला कोर्ट फीचं तिकीट कुठं चिकटवायचं ते दाखवलं. मग तो म्हणाला, "सुमीचं नाव राहू द्या. पर ते एक ल्ह्या. मला इच्यारलं न्हाई म्हणून."

मी त्याला समजावलं, असं लिहीत नसतात. हरकत आहे तर आहे म्हण, नाही तर नाही म्हण. त्या वाक्यावर कचेरी काहीही करू शकत नाही.

"काय बी करू नगा म्हणा. ल्ह्या फकस्त."

"दुकानात चांगलं छापून मिळेल."

"न्हाई," म्हणाला. "त्यांचा तुमी ल्हिला, आता माहा बी तुमीच ल्ह्या."

मी लिहिलं. 'सदर नोंदीत माझी बहीण सुमन हिचे नाव वारस म्हणून घेण्यास माझी हरकत नाही. मात्र अर्ज करण्यापूर्वी मला कोणी विचारले नव्हते, याची नोंद घ्यावी.' त्यानं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणाला. सही केली आणि बापाचं नाव पूर्ण लिहिलं, एरवी लोक नुसतं अक्षर घालतात.

दुसऱ्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला. खालच्या वाक्याशी थांबले. म्हणाले, हे अनावश्यक आहे, खोडून सही करा. दत्ता म्हणाला, राहू द्या साहेब. साहेबांनी माणिकरावांकडं बघितलं, तुमचं काही म्हणणं आहे का? माणिकरावांनी आईकडं बघितलं. कौसाबाई म्हणाल्या, "राहू द्या. खरं हाय ते." मग साहेबांनी नोंद पक्की केली. ते वाक्य अजून त्या फाईलमध्ये तसंच असेल. कुठल्या कायद्याखाली लावायचं ते कुणाला कळलं नसणार.

कचेरीतनं चौघं बाहेर पडली ती माझ्या शेडवरनंच. कौसाबाई पुढं, एका हातानं गुडघा धरत. माणिकराव त्यांच्यामागं, कागदांची पिशवी घेऊन. माझ्याकडं कुणी बघितलं नाही आणि बघावं असं मी काही केलंही नव्हतं. सुमन आणि दत्ता बरेच मागं राहिले होते. स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्याला लागताना ती थांबली, म्हणून तोही थांबला. ती त्याला काहीतरी विचारून राहिली होती. काय, ते माझ्यापर्यंत ऐकू आलं नाही. तो लगेच बोलला नाही, तरी ती तशीच उभी होती, वर बघत, उत्तर येईपर्यंत.